निगडीहून निघोज्याला, फायनलसाठी

आमच्या स्टाफरूममध्ये प्रवासवर्णनांना तोटा नाही. इतिहासाच्या बाई स्वित्झर्लंडला जाऊन आल्या, तेव्हापासून त्यांना कॅन्टीनचं चीज सँडविच गिळवत नाही. गणिताचे सर बालीला गेले ते अजून परत आलेले नाहीत, शरीरानं आलेत तेवढंच. मी आपली निगडी प्राधिकरणातल्या घरून कॉलेजात आणि कॉलेजातून घरी. पण यंदा माझंही नशीब फळफळलं. देहूरोड, चाकण आणि निघोजे असा तीन ठिकाणांचा दौरा मला घडला. स्वित्झर्लंड तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल, निघोजे पाहिलेलं नसणार. म्हणून लिहितेय.

दौऱ्याचं निमित्त बास्केटबॉल. मी रसायनशास्त्र शिकवते, आणि तोवर माझा बास्केटबॉलशी आलेला संबंध म्हणजे लॅबच्या खिडकीची दोनदा फुटलेली काच. पण मुलींचा संघ बाहेर खेळायला जायचा तर सोबत एक महिला प्राध्यापक हवीच, असा नियम आहे. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काही करायचं नाही. फक्त असायचं." अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या गुणांची इतकी नेमकी पारख कुणी केली नव्हती. अशी मी संघाची मॅनेजर झाले.

संघाचे खरे कर्तेधर्ते शेळके सर. माणूस दिवसाला मोजून बारा शब्द बोलतो आणि त्यातले सहा "पळा" असतात. कॅप्टन प्राजक्ता, चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातली. तिच्या काकांच्या बसगाड्या कंपन्यांच्या कामगारांची ने-आण करतात. आणि संघाचा जीव म्हणजे सारिका. बीड जिल्ह्यातून आईवडिलांबरोबर निघोज्यात येऊन राहिलेली, तिसऱ्या वर्षाला असलेली, काटकुळी पोरगी. सकाळी सहाला प्रॅक्टिस, मग लेक्चर, आणि दुपारी साडेतीनपासून महाळुंग्याच्या बाजूला एका कंपनीत सेकंड शिफ्ट. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायची. झोपते कधी, असं मी एकदा विचारलं. "तुमच्या लेक्चरला मॅडम," असं सरळ उत्तर मिळालं. पुन्हा काही विचारायला गेले नाही.

देहूरोड

पहिला सामना देहूरोडला. लष्करी गाव. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू, रस्त्याकडेच्या दगडांनाही चुना, तेही एका रांगेत उभे. आमच्या प्राधिकरणात दगड असे शिस्तीत वागत नाहीत, माणसांचं तर सोडाच. मैदानावरच्या सुभेदारसाहेबांनी आम्हाला सांगितलं की सामना दहाला म्हणजे दहाला. आमच्या मुली दहाला दहा कमी असताना हजर. शेळके सर नऊला. मी दहा वाजून पाच मिनिटांनी. सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता मलाही चुना लावून रांगेत उभं करतात.

जिंकलो. कसे ते मला कळलं नाही. टाळ्या वाजल्या की मी वाजवायची, असं माझं तंत्र होतं. नंतर बाजारातल्या टपरीवर गरम समोसे खाल्ले. सारिकानं दोन खाल्ले आणि एक वर्तमानपत्रात बांधून घेतला, वडलांसाठी.

पुढचे दोन सामने आमच्याच कॉलेजच्या कोर्टवर झाले, तेही जिंकलो. गेल्या वर्षी हाच संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला होता, त्यामुळे आता कॉलेज जागं झालं. ज्यांनी कधी बॉलला हवा भरून दिली नव्हती ते प्राचार्य फोटोला मधोमध उभे राहू लागले. नोटीस बोर्डावर "आमच्या रणरागिणी" असा फलक लागला. त्यात मुलींची नावं बारीक आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची ठळक.

चाकण

सेमीफायनल चाकणला, गुरुवारी. या पट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, रविवार हा जगाचा. आमच्याकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. गुरुवारी भोंगे बंद, शिफ्टच्या बस बंद, आणि तळवड्यापासून चाकणपर्यंतच्या रस्त्यावर चक्क डांबर दिसतं. इतर दिवशी तिथे फक्त ट्रेलर दिसतात. म्हणून आमचे बाहेरचे सगळे सामने गुरुवारी. सारिकाला सुट्टी, रस्ता मोकळा आणि प्राजक्ताच्या काकांची बस रिकामी.

काकांच्या बसमधून आम्ही झोकात गेलो. सामना चुरशीचा झाला म्हणतात. या वेळी मी थोडं लक्ष देऊन पाहिलं. सारिका स्वतः बॉल टाकत नव्हती फारसा. ती दुसरीकडे बघायची आणि बॉल तिसरीकडे द्यायची, आणि तिथे बरोबर आमचीच कुणीतरी मोकळी उभी असायची. शेळके सरांना म्हटलं, "हिला मागे डोळे आहेत का हो?" सर म्हणाले, "आहेत." त्यांच्या मानानं हे भाषणच झालं.

जिंकल्यावर चाकणला जाऊन करायचं काय, तर कांदाभजी खायची. इथल्या बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात कांद्याच्या, त्यामुळे भज्यांत कांदा घालताना कुणाचा हात आखडत नाही. पुण्यात हल्ली भजी मागवली तर पिठाचा गोळा येतो आणि कांद्याची नुसती आठवण. भजी खाताखाताच शेळके सरांनी मला बाजूला घेतलं. विद्यापीठाचा संघ निवडणाऱ्या मॅडम फक्त फायनलला येणार होत्या. सारिकाचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाकडून खेळली तर खेळाडूंसाठी ठेवलेल्या नोकऱ्यांच्या जागांवर अर्ज करता येईल. नाही खेळली तर वायरींचे जुडगे आहेतच. "पोरगी तयार आहे," सर म्हणाले. "मॅच व्हायला पाहिजे."

मॅच व्हायला काय धाड भरली होती? मी मॅनेजर होते ना! यजमान निघोज्याचं कॉलेज. त्यांना मी स्वतः फोन केला, दोन तारखांची अदलाबदल करायला लावली आणि फायनल येत्या गुरुवारी, दुपारी चारला पक्की केली. स्वतःवर बेहद्द खूश होऊन ग्रुपवर तसा मेसेज टाकला.

पुन्हा निगडी

गुरुवार उजाडला. दुपारी दीडला आम्ही कॉलेजच्या गेटवर. सारिका निघोज्यातच राहत असल्यामुळे ती परस्पर येणार होती. पावणेदोन झाले, दोन झाले, बसचा पत्ता नाही. प्राजक्तानं काकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आगं कुठली बस?" काका ओरडले. मागे हॉर्नचा कल्लोळ. "सगळ्या गाड्या शिफ्टला हायेत माझ्या. आज कंपन्या चालू हायेत की!"

"काका, आज गुरुवार हाय!"

"व्हय, पन आज वर्किंग हाय. रविवारी लाइटवाल्यांचं काम हाय, लाइन बंद. म्हनून सुट्टी बदलून रविवारी दिलीया. समद्या चाकनला म्हाईत हाय. तुमाला न्हाई म्हाईत?"

आम्हाला नव्हतं माहीत. म्हणजे असं मला वाटलं. प्राजक्तानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, सारिकानं ग्रुपवर टाकलं होतं ना, शुक्रवारी? मला वाटलं, तिची एकटीचीच कंपनी चालू असेल."

मी फोन काढला. रोजच्या शुभ सकाळच्या फुलांमधून वर वर जात शुक्रवारपर्यंत पोचले. कंपनीच्या नोटिशीचा फोटो होता. खाली सारिकानं लिहिलं होतं, "मॅडम, येत्या गुरुवारी कंपनी चालू आहे, सुट्टी त्यानंतर रविवारी आहे. गुरुवारी मला सोडणार नाहीत. फायनल रविवारी घेता येईल का? प्लीज विचारा."

त्याच्याखाली माझा अंगठा. पिवळा, टुमदार, वर केलेला. आणि त्याच्याखाली तिचं "थँक्यू मॅडम."

मी वाचलंच नव्हतं. कुणी काही टाकलं की अंगठा दाखवायचा आणि पुढे जायचं, ही माझी पद्धत. लांबलचक मेसेज असला तर अंगठा आणखी लवकर. मंगळवारी मी ग्रुपवर पुन्हा ठणकावलं होतं की फायनल गुरुवारीच, सर्वांनी वेळेवर यावे. त्यावर तिनं काही विचारलं नाही. मॅडमनी प्रयत्न केला असेल, जमलं नसेल, असं बिचारी समजली असणार. मला भर दुपारी कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

"मॅडम," शेळके सर म्हणाले, "पळा."

इंद्रायणीचा पूल

निगडीच्या स्टँडवरून सिटी बस मिळाली. नकाशात निगडी ते निघोजे हे अंतर वीतभर आहे. पण नकाशे काढणाऱ्यांना कामाच्या दिवशी तळवड्यातून जावं लागत नाही. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शेजारी नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेला ट्रेलर. सगळेच्या सगळे इंजिन बंद करून निवांत. एका ट्रकचा ड्रायव्हर रस्त्यात उतरून कांदा चिरत होता. त्याला आणखी किती वेळ लागेल असं विचारलं तर म्हणाला, "मॅडमजी, डाल अभी चढ़ाई है." इतका अचूक अंदाज कुठलं ॲप देत नाही.

इंद्रायणीच्या पुलावर पोचलो तेव्हा पावणेचार होऊन गेलेले. बस जागेवरून हलेना. नियम असा, की वेळ झाल्यावर पंच पंधरा मिनिटं थांबतात. तेवढ्यात पाच खेळाडू कोर्टवर उभे नसले तर सामना गेला. सगळ्या हंगामात जिंकलेल्या मुली पुलावर बसून हरणार होत्या, माझ्या अंगठ्यामुळे. मी देवाचं नाव घ्यायला लागले. रसायनशास्त्रात त्याची सोय नाही, पण दुसरं करणार काय?

इतक्यात सारिकाचा फोन आला.

"मॅडम, कुठंयत तुमी?"

"पुलावर अडकलोय गं. तू?"

"कोर्टावर हाय. एकलीच हाय."

"तुला सोडलं कंपनीनं?"

"ते ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "बसमधून उतरा समद्याजनी आन् पुलाच्या ह्या टोकाला येऊन थांबा. आमच्या फस्ट शिफ्टच्या बाया सुटल्यात. त्यांना पाठवलंय मी."

आम्ही उतरलो. पिवळ्या जर्सीतल्या नऊ मुली, त्यांच्यामागे पदर खोचलेली मी आणि सगळ्यात मागे बॉलची जाळी खांद्यावर घेतलेले शेळके सर. आणि पलीकडून ट्रकांच्या फटीफटीतून पाच स्कूटर आल्या. चालवणाऱ्या पाचही जणी कंपनीच्या निळ्या कोटात, गळ्यात ओळखपत्र, तोंडाला स्कार्फ. सकाळी सातपासून उभ्यानं काम करून नुकत्याच सुटलेल्या. त्यातली पुढची बाई मला म्हणाली, "मॅडम तुमीच ना? बसा, आन् गुडघे आत घ्या."

वाहतुकीचे नियम आम्ही त्या दिवशी किती मोडले ते इथे लिहीत नाही. मी प्राध्यापक आहे. एका स्कूटरवर तिघी, मी मधोमध, मागे प्राजक्ता. डावा आरसा कंटेनरला घासतोय आणि उजवा दुसऱ्या कंटेनरला. मी डोळे मिटून घेतले तर पुढची बाई ओरडली, "मॅडम, वाकडं बसू नका, तोल जायलाय!" शेळके सरांना जागा उरली नाही. ते बॉल घेऊन चालत निघाले.

निघोजे

कोर्टावर पोचलो तेव्हा पंच घड्याळ बघत होते. चौदावं मिनिट चालू होतं. मधल्या वर्तुळात सारिका उभी होती, एकटी, जर्सी घालून, हात पाठीमागे बांधून. समोर पुण्यातल्या एका नामांकित कॉलेजचा संघ. त्यांच्याकडे दोन कोच, एक फिजिओ आणि प्रत्येकीला वेगळी पाण्याची बाटली. ते वेळेवर कसे आले म्हणाल, तर चाकणकडे जायचं म्हणजे परमुलखात जायचं म्हणून सकाळी आठलाच निघाले होते. अज्ञानाचा असाही फायदा होतो.

शेळके सर पोचेपर्यंत संघाची सूत्रं माझ्याकडे. मुली माझ्याकडे बघत होत्या. मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "पळा." मला येत होतं तेवढं मी शिकवलं.

पहिल्या क्वार्टरला आम्ही चांगलेच मागे पडलो. मग सर आले, घामानं निथळत, आणि त्यांनी खरोखरचं काहीतरी सांगितलं. त्यानंतर सारिका खेळायला लागली. इकडे बघत तिकडे पास, पाठीमागून पास, दोघींच्या मधून जमिनीवर आपटून पास. ज्या मुलींचा बॉल कधी जाळीत जात नव्हता त्यांचाही जायला लागला, कारण त्यांना नुसतं हात वर करायचं काम उरलं होतं. निळ्या कोटातल्या बाया कोर्टाच्या कडेला उभ्या राहून "सारे, हाण!" म्हणून किंचाळत होत्या. फिजिओवाल्यांना तो आवाज मानवत नव्हता. शेवटच्या क्वार्टरला प्राजक्ता पाच फाऊल होऊन बाहेर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मीही तिच्याबरोबर रडले. खेळ समजायला लागला होता ना आता!

तीन गुणांनी जिंकलो. मी कधी नव्हे ती शिट्टी मारली. मला येते हे मलाच माहीत नव्हतं.

मग निवड करणाऱ्या मॅडम उठल्या, कागद काढला आणि नावं वाचली. आमच्यातलं एकच नाव होतं. सारिकाचं. सोमवारपासून पुण्याला शिबिर, सकाळी आठला हजर. मुलींनी तिला उचललं. मी पुढे झाले आणि म्हटलं, "सारिका, कंपनीतून रजा काढायला पत्र लागेल ना? मी उद्याच देते प्राचार्यांचं."

"पत्र कशाला मॅडम," ती म्हणाली. "रिकामीच हाय मी आता."

माझ्या स्कूटरवाल्या बाईनं मग सांगितलं. सारिकानं साहेबाला चार दिवस विनवलं होतं. तो म्हणाला, आज लाइन सोडलीस तर उद्यापासून येऊ नकोस. तिनं साडेतीनला गेटवर ओळखपत्र काढून ठेवलं आणि चालत कोर्टावर आली. ट्रेनीला कोण विचारतं?

मी सगळ्या मुलींच्या देखत तिची माफी मागितली. अठ्ठावीस वर्षांत विद्यार्थ्याची माफी मागायची माझ्यावर वेळ आली नव्हती, त्यामुळे नीट जमलीही नाही. "तुझा मेसेज मी वाचलाच नव्हता गं," एवढं मात्र म्हटलं.

तिनं मला "असू द्या मॅडम" म्हटलं नाही. म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. ती म्हणाली, "मला वाटलं तुमी इचारलं आसंल." आणि बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसली. थोड्या वेळानं मान खालीच ठेवून म्हणाली, "बापाला काय सांगू? त्यानंच शब्द टाकून लावलं होतं मला तिथं."

"मी येते घरी," मी म्हटलं.

बाकीच्यांना घेऊन शेळके सर गेले. आम्ही दोघी चालत निघालो. पत्र्याच्या खोल्यांची रांग, प्रत्येक दारासमोर सेफ्टी शूज. वडील नुकतेच फस्ट शिफ्ट करून, आंघोळ करून दारात बसले होते. प्रेसशॉपमध्ये पत्रा दाबायच्या मशिनवर काम करतात, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत. मला बघून गडबडीनं उठले आणि खुर्ची पुसायला लागले. मी बसले नाही. उभ्याउभ्यानंच सगळं सांगून टाकलं, मेसेजपासून गेटपर्यंत. चूक माझी आहे, तिला बोलू नका, असं दोनदा म्हटलं.

त्यांनी हातातलं फडकं खुर्चीवर ठेवलं. मग म्हणाले, "मॅडम, मी पाया पडलो होतो त्या साहेबाच्या. आडानी मानूस हाय मी, पर पोरीनं लिव्हलेलं आलं तर कुनाकडून तरी वाचून घेतो. तुमी तर शिकिवता."

मी मान खाली घातली. आतून सारिकाची आई दाराशी येऊन उभी राहिली होती.

"आन् निवड?" त्यांनी सारिकाला विचारलं.

"झाली."

"कवा जायाचंय?"

"सोमवारी. सकाळी आठला पुण्यात पायजे."

"दिसभर?"

"दिसभर. धा दिवस."

त्यांनी खिशातून फोन काढला. उरलेल्या बोटांनी हळूहळू नंबर शोधला, लावला, आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"हॅलो, भावा, सोमवारी माझी फस्ट तू मार, तुझी सेकंड मी मारतो. न्हाई, बरं हाय समदं. पुन्याला जायाचंय सकाळी, पोरीला सोडाया." मग ते थांबले, पलीकडच्यानं काहीतरी विचारलं असावं, आणि एकदम आवाज चढवून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "आरं विद्यापीठाकडून खेळायलीय माझी सारिका!"